कार्यात्मक दंतोपकरणे आणि जबड्यातील बदल

कार्यात्मक दंतोपकरणे ही वाढत्या वयातील मुलामुलींचा खालचा जबडा ठरावीक काळ पुढच्या स्थितीत धरून ठेवण्यासाठी तोंडात बसवली जाणारी उपकरणे आहेत. खालचा जबडा मागे राहिल्यामुळे वरचे पटाशीचे दात पुढे आलेले दिसतात, अशा जबडाविसंगतीवर त्यांचा मुख्यतः उपयोग होतो. दातांना तार बांधून ते ओढणे किंवा ढकलणे हे नेहमीच्या दंतोपचाराचे तत्त्व आहे. कार्यात्मक उपकरणे मात्र चावणे, गिळणे व ओठ मिटणे या क्रियांत स्नायूंकडून निर्माण होणारे बलच दातांकडे व जबड्यांकडे वळवतात; 'कार्यात्मक' हे नाव त्यावरून पडले. ट्विन ब्लॉक, अ‍ॅक्टिव्हेटर, बायोनेटर, फ्रेंकेल उपकरण आणि हर्बस्ट उपकरण हे त्यांचे प्रमुख प्रकार होत.

या उपचाराने पुढच्या दातांमधील अंतर कमी होते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद नाहीत. हा बदल जबड्याच्या हाडात किती आणि दातांच्या कलण्यात किती, तसेच उपकरणामुळे जबडा मुळात वाढला असता त्यापेक्षा अधिक वाढतो का, हे प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या मिळणीचे तीन वर्ग मांडले. खालच्या पहिल्या कायम दाढा वरच्या दाढांच्या तुलनेत मागे असणे हा त्यांपैकी दुसरा वर्ग होय. याच्या पहिल्या उपप्रकारात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात. वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधील आडवे अंतर सामान्यतः २ ते ३ मिमी असते. दुसऱ्या वर्गाच्या रुग्णांत ते ६ मिमी, १० मिमी किंवा त्याहून अधिक असू शकते. अशा मुलांचा खालचा ओठ बहुधा वरच्या दातांच्या मागे अडकतो, ओठ सहज मिटत नाहीत आणि बाजूने पाहिल्यास हनुवटी मागे गेलेली दिसते.

अशा विसंगतीचे परिणाम केवळ दिसण्यापुरते नसतात. पडल्यावर किंवा खेळताना पुढे आलेल्या दातांना इजा होण्याचा धोका वाढतो. हे अंतर ३ मिमीपेक्षा अधिक असलेल्या मुलांत तो सुमारे दुप्पट असल्याचे एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. कायमचा दात तुटल्यास किंवा निखळल्यास त्याची भरपाई आयुष्यभराची असते. याशिवाय शाळकरी वयात दातांवरून होणारी चेष्टा मुलांच्या आत्मविश्वासावर परिणाम करते.

इतिहास

खालचा जबडा पुढे आणून दातांची मिळणी बदलण्याची कल्पना अमेरिकेतील नॉर्मन किंग्जली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडली. वरच्या टाळूवर बसणाऱ्या उतरत्या पृष्ठभागाच्या पट्टीमुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढे सरकावा, अशी त्यांची योजना होती. फ्रान्समधील पिएर रोबँ यांनी १९०२ मध्ये 'मोनोब्लॉक' हे एकसंध उपकरण वर्णिले. खालचा जबडा अतिशय लहान असलेल्या मुलांचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे हा त्यामागील हेतू होता.

नॉर्वेत काम करणारे डॅनिश दंतवैद्य व्हिगो आंद्रेसन यांनी १९०८ च्या सुमारास स्वतःच्या मुलीच्या दातांवरील स्थिर तारा काढून सुट्टीच्या काळासाठी तिला खालचा जबडा पुढे ठेवणारी काढता-घालता येणारी पट्टी दिली. सुट्टीनंतर मिळणी बिघडण्याऐवजी सुधारलेली आढळली. पुढे ऑस्ट्रियाचे कार्ल हॉइप्ल यांच्यासह त्यांनी या उपचाराला सैद्धांतिक रूप दिले व १९३६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे उपकरण 'अ‍ॅक्टिव्हेटर' म्हणून ओळखले जाते. जर्मनीत व्हिल्हेल्म बाल्टर्स यांनी १९५० च्या दशकात त्याची सुटसुटीत आवृत्ती असलेला बायोनेटर तयार केला, तर पूर्व जर्मनीतील रोल्फ फ्रेंकेल यांनी १९६० च्या दशकात गाल व ओठ दातांपासून दूर ठेवणारे उपकरण विकसित केले.

एमिल हर्बस्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दातांवर पक्के बसवलेले, नळी व दांडा असलेले उपकरण मांडले होते. ते दीर्घकाळ विस्मरणात गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हान्स पँखेर्झ यांनी त्याचा पुन्हा पद्धतशीर वापर व अभ्यास सुरू केला.

आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी ट्विन ब्लॉक हे स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केले. पडल्यामुळे वरचा पटाशीचा दात निखळलेल्या एका मुलाचा दात पुन्हा बसवल्यानंतर खालचा ओठ त्यामागे अडकून दातावर दाब येत होता. जबडा पुढे ठेवून हा दाब काढण्याच्या गरजेतून या उपकरणाची रचना झाली. क्लार्क यांनी त्याविषयीचा लेख १९८२ मध्ये प्रसिद्ध केला.

रचना व कार्यपद्धती

ट्विन ब्लॉकमध्ये वरच्या व खालच्या दातांसाठी अ‍ॅक्रिलिकच्या दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. त्या दाढांना व उपदाढांना तारेच्या पकडींनी घट्ट बसतात. दोन्ही पट्ट्यांवरील ठोकळ्यांचे उतार सुमारे ७० अंशांच्या कोनात एकमेकांवर टेकतात, त्यामुळे खालचा जबडा पुढे आणल्याशिवाय तोंड नीट मिटत नाही. दोन भाग वेगळे असल्याने बोलता व खाता येते. म्हणून हे उपकरण जेवतानाही घालावे अशी अपेक्षा असते. जबडा पुढे आला की वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीच्या मानाने अरुंद ठरते, यासाठी वरच्या पट्टीत रुंदी वाढवणारा पेच बसवतात. तो पालकांनी घरी ठरावीक अंतराने किल्लीने फिरवायचा असतो.

उपकरण बनवण्यापूर्वी दातांचे साचे घेतले जातात आणि रुग्णाला जबडा पुढे आणायला लावून त्या स्थितीत मेणाचा ठसा घेतला जातो. दातांमधील अंतर साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांत कमी होते. त्यानंतर काही महिने नवी स्थिती टिकवण्यासाठी सौम्य उतार असलेली पट्टी दिली जाते आणि शेवटी बहुतेक रुग्णांत स्थिर तारांनी दातांची बारीक जुळवाजुळव केली जाते. हा संपूर्ण उपचार अनेकदा दोन वर्षांहून अधिक चालतो.

हर्बस्टसारखी स्थिर उपकरणे रुग्णाला काढता येत नाहीत, त्यामुळे ती घातली जातात की नाही हा प्रश्न उरत नाही. त्यांचे भाग तुटण्याचे प्रमाण मात्र अधिक असते.

योग्य वय

या उपचारात जन्मतारखेपेक्षा वाढीची अवस्था महत्त्वाची मानली जाते. पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढते, त्याच सुमारास खालच्या जबड्याची वाढही वेग घेते. मुलींमध्ये हा काळ सरासरी १२ व्या वर्षाच्या आसपास, तर मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. व्यक्तीगणिक त्यात दोन वर्षांचाही फरक असू शकतो. मुलींची पहिली मासिक पाळी सामान्यतः वाढीचा सर्वोच्च वेग ओसरू लागल्यानंतर येते. त्यामुळे पाळी सुरू होऊन बराच काळ लोटलेल्या मुलीत जबड्याच्या वाढीवर आधारलेल्या उपचाराला थोडाच वाव उरतो.

वाढीची अवस्था ओळखण्यासाठी हाताच्या व मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र किंवा डोक्याच्या बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या मानेच्या मणक्यांचा आकार पाहतात. मणक्यांच्या खालच्या कडेला येणारी खोलगट कमान आणि मणक्याचा बदलता आकार यांवरून वाढीचा टप्पा ठरवला जातो. इटलीतील तिझियानो बाच्चेत्ती, लोरेन्झो फ्रँकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ट्विन ब्लॉकविषयी केलेल्या अभ्यासात, वाढीच्या सर्वोच्च वेगाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच केलेला उपचार त्याआधी केलेल्या उपचारापेक्षा जबड्याच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरला.

जबड्यातील बदल

खालचा जबडा पुढे धरल्यावर सांध्यातील त्याचे गोलसर टोक खोबणीतून थोडे पुढे व खाली येते. उंदीर व माकडांवरील प्रयोगांत अशा वेळी या टोकावरील कूर्चेत नवी वाढ होत असल्याचे आढळले. फ्रान्समधील अलेक्झांडर पेत्रोविक आणि अमेरिकेतील जेम्स मॅकनमारा यांचे काम या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. सांध्याच्या खोबणीच्या हाडाचीही पुनर्रचना होते. प्राण्यांतील निष्कर्ष माणसांत त्याच प्रमाणात लागू पडतात असे मात्र दिसलेले नाही.

मानवी रुग्णांत पुढील बदल नोंदवले जातात :

खालच्या जबड्याची लांबी : उपचाराच्या काळात उपचार न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत लांबीत सरासरी काही मिलिमीटर अधिक वाढ दिसते. पँखेर्झ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हर्बस्ट उपकरणाच्या सहा महिन्यांच्या उपचारात पुढच्या दातांमधील अंतर सरासरी ५.२ मिमी कमी झाले. त्यात जबड्याच्या वाढीव लांबीचा वाटा २.२ मिमी होता.

वरचा जबडा : पुढे आणलेला खालचा जबडा मागे जाण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे वरच्या जबड्यावर मागच्या दिशेने दाब पडतो व त्याची पुढील वाढ किंचित रोखली जाते. हा परिणाम लहान असतो.

चेहऱ्याची उंची : मागच्या दाढा उगवून वर आल्याने चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची वाढते. चेहरा आखूड व दातांचा उभा आच्छाद खोल असलेल्या रुग्णाला हे लाभदायक ठरते. मुळात लांबट चेहरा असलेल्या रुग्णात मात्र त्यामुळे हनुवटी खाली व मागे जाऊन बाजूचा आकार बिघडू शकतो.

दातांतील बदल

दातांतील बदल हाडातील बदलांपेक्षा लवकर व ठळकपणे दिसतात. वरचे पटाशीचे दात मागे कलतात, खालचे पटाशीचे दात पुढे कलतात, वरच्या दाढा थोड्या मागे आणि खालच्या दाढा पुढे सरकतात. पँखेर्झ यांच्या वरील अभ्यासात दाढांच्या मिळणीत झालेल्या ६.७ मिमी सुधारणेपैकी २.८ मिमी वाटा वरच्या दाढा मागे सरकण्याचा व १.० मिमी वाटा खालच्या दाढा पुढे सरकण्याचा होता.

खालच्या पटाशीच्या दातांचे पुढे कलणे हा मर्यादा घालणारा घटक आहे. हे दात आधीच पुढे झुकलेले असतील तर अंतर केवळ दात कलूनच भरून निघते आणि जबड्यात बदल होण्यास जागा राहत नाही. हिरडी पातळ असल्यास ती खाली सरकण्याचाही धोका असतो. म्हणून उपचार ठरवताना या दातांचा कोन क्ष-किरण चित्रावर मोजला जातो.

ट्विन ब्लॉकच्या ठोकळ्यांमुळे उपचाराच्या शेवटी बाजूचे दात एकमेकांना टेकत नाहीत, अशी तात्पुरती फट राहते. ठोकळे टप्प्याटप्प्याने घासून दाढांना वर येऊ दिले की ती भरून निघते.

ओठ व चेहऱ्याची कड

अंतर कमी झाल्यावर खालचा ओठ वरच्या दातांच्या मागून सुटतो व त्यांच्या पुढे येतो. ओठ मिटण्यास ताण पडत नाही. हा ओठांचा नवा आधारच उपचारानंतर दातांना जागेवर ठेवण्यास मदत करतो. हनुवटीच्या दिसण्यात होणारा बदल रुग्णागणिक बराच वेगळा असतो.

चाचण्यांचे निष्कर्ष

१९९० च्या दशकापासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा आणि ब्रिटन येथे मुलांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये केव्हिन ओब्रायन व सहकाऱ्यांनी ८ ते १० वर्षे वयाच्या १७४ मुलांवर केलेल्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्विन ब्लॉकने दातांमधील अंतर स्पष्टपणे घटले. पण त्या सुधारणेत हाडातील बदलाचा वाटा सुमारे २७ टक्केच होता, उरलेला बदल दातांच्या कलण्याचा होता. लवकर उपचार घेतलेल्या मुलांच्या आत्मप्रतिमेत सुधारणा नोंदवली गेली. हीच मुले मोठी झाल्यावर, २००९ च्या अहवालानुसार, लवकर उपचार घेणाऱ्या व पौगंडावस्थेपर्यंत थांबलेल्या गटांच्या अंतिम स्थितीत अर्थपूर्ण फरक उरला नव्हता. लवकर सुरुवात केलेल्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या मात्र अधिक झाल्या होत्या.

पाओला कोझ्झा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत खालच्या जबड्याची अतिरिक्त वाढ २ मिमीपेक्षा अधिक होती. परंतु चिठ्ठीपद्धतीच्या चार चाचण्यांपैकी एकीतही एवढी वाढ आढळली नाही. त्या चाचण्यांतील मुले वाढीच्या वेगवान काळाच्या आधीच्या वयाची होती, हे या फरकाचे एक कारण मानले जाते.

कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात २७ चाचण्या व १२५१ सहभागी होते. लहान वयातील उपचाराने पुढच्या दातांना नव्याने इजा होण्याचे प्रमाण घटते, याखेरीज लवकर सुरुवातीचा अन्य टिकाऊ लाभ आढळला नाही. पौगंडावस्थेतील उपचाराने मात्र उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेत दातांमधील अंतर काढता येणाऱ्या उपकरणांनी सरासरी सुमारे ४.६ मिमी व स्थिर उपकरणांनी सुमारे ५.५ मिमी कमी झाले.

या सर्वांतून सध्या सामान्यतः मान्य असलेले मत असे, की उपकरण जबड्याच्या वाढीला काही काळ वेग देते. प्रौढपणी जबड्याची अंतिम लांबी त्यामुळे सरासरीने फारशी बदलत नाही. तरीही वेगाने झालेल्या वाढीच्या काळात दातांची नवी मिळणी घट्ट बसते व ती टिकू शकते, हा उपचाराचा व्यवहारातील लाभ होय.

मर्यादा

काढता येणाऱ्या उपकरणांचे यश रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून असते. ब्रिटनमधील २१५ पौगंडावस्थेतील रुग्णांच्या २००३ च्या चाचणीत ट्विन ब्लॉकचा उपचार अर्धवट सोडण्याचे वा अयशस्वी ठरण्याचे प्रमाण ३३.६ टक्के, तर हर्बस्टचे १२.९ टक्के होते. सुरुवातीला लाळ वाढणे, बोलणे अस्पष्ट होणे, स्नायू दुखणे व पट्टी टोचणे या तक्रारी येतात. त्या बहुधा काही दिवसांत कमी होतात. पट्टी व दात स्वच्छ न ठेवल्यास कीड लागते व हिरड्यांना सूज येते. जबड्यांतील तफावत फार मोठी असल्यास किंवा वाढ संपली असल्यास कार्यात्मक उपकरणाने ती भरून निघत नाही. अशा वेळी दात काढून तारांनी तफावत झाकणे किंवा प्रौढ वयात जबड्याची शस्त्रक्रिया करणे हे पर्याय उरतात.

महाराष्ट्र व मराठवाडा

महाराष्ट्रातील दंतशिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. तेथील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. या शाखेतील तज्ज्ञांची भारतीय संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ मध्ये स्थापन झाली. मराठवाड्यात औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९८२ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. नांदेड व लातूर येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. कार्यात्मक उपकरणांचा उपचार सामान्यतः पदवीनंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ करतात आणि असे तज्ज्ञ बहुतांशी शहरांत असतात. दंत महाविद्यालयांतील विभागांत हा उपचार खासगी दवाखान्यांच्या तुलनेत कमी खर्चात होतो.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट तालुका हा पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगराळ व वनाच्छादित प्रदेश आहे. तेलंगणातील आदिलाबाद व विदर्भातील यवतमाळ या जिल्ह्यांना तो लागून आहे. गोंड, कोलाम व आंध या आदिवासी समाजांची व बंजारा तांड्यांची येथे मोठी वस्ती असून किनवट येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग किनवटवरून जातो. जिल्ह्याच्या ठिकाणापासूनचे अंतर मोठे असल्याने, दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी आवश्यक असलेल्या उपचारात प्रत्येक फेरीला पालकाची एका दिवसाची मजुरी व प्रवासखर्च यांची भर पडते.

या भागात उपचाराच्या वेळेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने पट्टी दिवसभर घातली का, पेच वेळेवर फिरवला का, हे पाहणारे पालक जवळ नसतात. ती जबाबदारी अधीक्षक किंवा शिक्षकांकडे येते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्यात परततात. मूल सोबत गेल्यास सहा ते नऊ महिन्यांच्या सक्रिय उपचाराचा बहुतेक काळ त्या स्थलांतरात जातो. वाढीचा वेगवान काळ जेमतेम एक-दोन वर्षांचा असल्याने एका हंगामाचा खंडही उपचाराची संधी घालवू शकतो. नियमित फेऱ्या शक्य नसतील तर तुटण्याचा धोका असूनही स्थिर उपकरण निवडायचे, की फेऱ्या कमी ठेवून काढता येणारे उपकरण द्यायचे, हा निर्णय रुग्णाच्या परिस्थितीनुसार घ्यावा लागतो.

नांदेड, यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. अशा दातांच्या बाह्य आवरणावर तारांची बटणे चिकटवणारा पदार्थ नीट धरत नाही व ती वारंवार सुटतात. दातांवर काहीही न चिकटवता पकडींनी बसणारी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणे उपचाराच्या पहिल्या टप्प्यात अशा मुलांना सोयीची ठरतात. तारांच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र ही अडचण पुन्हा येते.

शाळास्तरावरील तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात दंतविकारांचा समावेश आहे. जबड्याच्या विसंगतीची प्राथमिक ओळख उपकरणांशिवायही होऊ शकते : दात मिटलेले असताना वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांत बोटाचे टोक सहज मावणे, ओठ ताण दिल्याशिवाय न मिटणे, खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे राहणे आणि बाजूने हनुवटी मागे दिसणे ही तिची लक्षणे होत. अंगठा चोखण्याची सवय किंवा सतत तोंडाने श्वास घेणे असल्यास त्यांकडेही लक्ष द्यावे लागते. मुलींमध्ये पाचवी-सहावीच्या व मुलांमध्ये सातवी-आठवीच्या सुमारास ही लक्षणे आढळून तज्ज्ञाकडे पाठवणी झाली, तर बहुतेकांच्या बाबतीत वाढीचा उपयुक्त काळ हाती असतो. दहावीनंतर आलेल्या रुग्णाचे दात तारांनी सरळ करता येतात; जबड्याच्या वाढीचा लाभ मात्र तोपर्यंत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, बहुधा मिळेनासा झालेला असतो.